आई चालते, नगरसेविका चालत नाही

(पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा. पण वाचा.)

२ फेब्रुवारी २०१७. नागालँडची राजधानी कोहिमा. संतापलेल्या जमावाने तिथल्या नगरपालिकेची इमारत पेटवून दिली. आणखी काही सरकारी कार्यालयंही जळाली. दोनच दिवस आधी दिमापूरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुणांचा जीव गेला होता. सगळं राज्य ठप्प. त्याच महिन्यात मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना खुर्ची सोडावी लागली.

एवढा वणवा कशावरून? नगरपालिकांच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव ठेवून निवडणूक होणार होती, त्यावरून.

आपल्याकडे आरक्षणाची सोडत निघते तेव्हा काय होतं ते आपण दर वेळी बघतो. चिठ्ठी निघते, वॉर्ड महिला राखीव होतो, इच्छुक भाऊसाहेबांचा चेहरा पडतो आणि दुसऱ्या दिवशी चौकात वहिनींचा फ्लेक्स लागतो. कुरकुर होते, कोणी कोर्टातही जातं. पण त्यापायी नगरपालिका जाळायला कोणी निघत नाही.

मग "तिकडचे लोक मागासलेले" असं म्हणून मोकळं व्हायचं का? ते सोपं आहे, पण खरं नाही. २०११ च्या जनगणनेत नागालँडमधलं स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण ७६ टक्क्यांच्या वर होतं, देशाचं ६५ च्या आसपास. नागा समाजात हुंडा नाही. कोहिमाच्या बाजारात गाळे चालवणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, चर्चचं काम उचलणाऱ्या बायका जागोजाग दिसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे आरक्षण मागत ज्या बायका सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या, त्या कोणी उपऱ्या नव्हत्या. ती होती नागा मदर्स असोसिएशन. नागा मातांची संघटना. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बंदुका घेऊन फिरणाऱ्या पोरांना "आता रक्त सांडू नका" म्हणून विनवायला जंगलात चालत गेलेल्या याच त्या आया. तेव्हा अख्ख्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

मधल्या काळात काय बदललं? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

भांडण कुठून सुरू झालं

आपल्याकडे नागालँड म्हटलं की हॉर्नबिल महोत्सवाचे फोटो, नाहीतर फौजेतून सुट्टीवर आलेल्या एखाद्या पोराच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी. यापलीकडे आपल्याला फारसं माहीत नसतं.

१९२९ मध्ये सायमन कमिशन कोहिमाला गेलं तेव्हाच नागा मंडळींनी निवेदन दिलं होतं. मतलब असा, की इंग्रज जातील तेव्हा आम्हाला आमच्यावर सोडा. १४ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या एक दिवस आधी, अंगामी झापू फिझो यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं. पन्नाशीच्या दशकात फौज आत गेली. गावं जळाली, धान्याची कोठारं जळाली, माणसांना एका जागी आणून कुंपणात ठेवलं गेलं. १९५८ मध्ये सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा आला, ज्याला आपण अफस्पा म्हणतो. तो मुळात आला याच डोंगरांसाठी.

१ डिसेंबर १९६३ ला नागालँड राज्य झालं. पुढच्या वर्षी जयप्रकाश नारायण, विमलाप्रसाद चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांच्या शांतता मंडळाने युद्धबंदी घडवली, ती टिकली नाही. १९७५ मध्ये शिलाँग करार झाला. तो काहींना पटला नाही, म्हणून १९८० मध्ये एनएससीएन ही नवी संघटना निघाली. १९८८ मध्ये तिचेही दोन तुकडे झाले. एका बाजूला इसाक स्वू आणि मुइवा, दुसऱ्या बाजूला खापलांग. तिथून पुढे नागा विरुद्ध फौज हे भांडण तर होतंच, वर नागा विरुद्ध नागा हेही सुरू झालं. सकाळी रस्त्यावर प्रेत सापडायचं आणि ते कोणाच्या गोळीने पडलं हे विचारायचीही चोरी.

या सगळ्या गदारोळात आपल्या मातीतला एक माणूसही होता. डहाणूत जन्मलेले नटवर ठक्कर १९५५ साली, ऐन धुमश्चक्रीत, चुचुयिमलांग या आओ गावात गेले आणि गांधी आश्रम काढून आयुष्यभर तिथेच राहिले. त्यांच्या पत्नी लेंतिना आओ यांनी त्यांच्याबरोबरीने ते काम केलं. नटवरभाईंना पद्मश्री १९९९ मध्ये मिळाली, लेंतिनाताईंना २०१८ मध्ये. काम एकत्र, दखल एकोणीस वर्षांच्या अंतराने.

माहेर आणि सासर यांच्या मध्ये उभी राहणारी

नागांमध्ये डझनाहून जास्त जमाती आहेत. त्यांतल्या तांगखुल जमातीत (ती मुख्यतः मणिपूरच्या उखरुल भागात राहते) एक जुनी रीत होती. पूर्वी गावागावांत लढाया व्हायच्या, शिरं कापली जायची. अशा वेळी एका गावातून दुसऱ्या गावात लग्न होऊन गेलेली बाई दोन्ही फौजांच्या मधोमध जाऊन उभी राहू शकायची. तिला म्हणत पुखरेला. समोर एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा आणि दीर. ती मध्ये आली की हत्यार खाली ठेवायचं. तिच्या अंगाला हात लावणं हे घोर पाप. मेलेल्यांना उचलणं, जखमींना पाणी देणं हेही तिचंच काम.

आपल्याकडे माहेर-सासर यांवर ओव्यांचा डोंगर रचलाय बायकांनी. माहेरवाशीण म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण दोन गावांच्या लढाईत माहेरवाशिणीला युद्ध थांबवायचा अधिकार दिलेला समाज मला तरी दुसरा माहीत नाही.

आता याची दुसरी बाजू बघा. लढाई थांबली, दोन्ही गावचे जाणते तह करायला बसले, की त्या बैठकीत पुखरेलाला जागा नाही. गावच्या पंचायतीत बाई बसत नाही. वडिलोपार्जित जमीन मुलीला जात नाही, ती मुलग्यांचीच. भाले उगारलेले असताना मध्ये उभं राहायचं तिने, आणि भाले खाली ठेवल्यावर बोलायचं पुरुषांनी.

ही वाटणी नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट हिच्याभोवती फिरते.

१४ फेब्रुवारी १९८४

या दिवशी कोहिमात नागा मदर्स असोसिएशनची स्थापना झाली. सानो वामुझो पहिल्या अध्यक्ष. पुढे नेइदोनुओ अंगामी हे नाव सगळ्यात जास्त ऐकू आलं. त्यांना २००० मध्ये पद्मश्री मिळाली. वेगवेगळ्या जमातींच्या बायकांच्या आपापल्या संघटना होत्याच, त्यांची ही एकत्रित मोट. जमाती-जमातींत पुरुष एकमेकांच्या जिवावर उठले असताना बायका एका छताखाली आल्या, हीच मोठी गोष्ट.

सुरुवात शांततेच्या चर्चेने झाली नाही. सुरुवात झाली दारू आणि गर्दने. म्यानमारची सीमा लागून, पलीकडून हेरॉइन यायचं. पोरं सुया टोचून घ्यायला लागली, मागोमाग एचआयव्ही आला. घरोघर हीच रड. चर्च आणि बायकांच्या रेट्याने १९८९ मध्ये राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. मुंबईतल्या वांद्र्याच्या फादर जो परेरांच्या कृपा फाउंडेशनला साथीला घेऊन या बायकांनी व्यसनमुक्तीचं केंद्र उभं केलं. ज्या काळात एचआयव्ही झालेल्या पोराला घरातले वेगळी थाळी द्यायचे, त्या काळात या आया त्यांना जवळ घेऊन बसत होत्या.

यातून त्यांना एक गोष्ट मिळाली, जी कुठल्याच पुढाऱ्याकडे नव्हती. घरात शिरायचा परवाना. ज्या आईचा एक पोरगा गर्दच्या नादात गेला, तिचाच दुसरा जंगलात बंदूक घेऊन गेलेला असायचा. व्यसनाचं काम करता करता युद्धाचा धागा हाती लागला.

"आणखी रक्त सांडू नका"

१९९४-९५ ही वर्षं फार वाईट गेली. ५ मार्च १९९५ ला कोहिमातून राष्ट्रीय रायफल्सचा ताफा चालला होता. ताफ्यातल्याच एका गाडीचा टायर फुटला. आवाज बॉम्बचा वाटला आणि जवानांनी भर शहरात गोळीबार सुरू केला. सात सामान्य माणसं मेली. फुटला होता एक टायर. भीती किती मुरली होती हे यावरून समजतं.

त्याच्या काही महिने आधी, १९९४ मध्ये, नागा मातांनी शांततेसाठी एक गट नेमला आणि मोहीम सुरू केली. नाव साधं, "शेड नो मोअर ब्लड". आणखी रक्त सांडू नका. हे आवाहन सरकारला होतं, फौजेला होतं आणि आपल्याच पोरांच्या सगळ्या गटांनाही होतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. कारण फौजेविरुद्ध बोललं की समाज टाळ्या वाजवतो. भूमिगत गटांना "तुम्ही खंडणी गोळा करता, भाऊ भावाला मारता" हे जाहीरपणे सांगणं म्हणजे आपणहून गोळीसमोर जाणं होतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बेवारस प्रेत सापडलं की या बायका जायच्या, त्यावर पारंपरिक शाल पांघरायच्या, प्रार्थना म्हणायच्या आणि माणसासारखं त्याला पोचवायच्या. तो कुठल्या गटाचा, कुठल्या जमातीचा, हे विचारायचं नाही. नागा समाजात शालीला फार मोठा अर्थ आहे. कोणती शाल कोणी पांघरायची याचे नियम आहेत, मान आहे. ज्याला सगळ्यांनी "दुसऱ्या गटाचा" म्हणून रस्त्यावर टाकून दिला त्याच्यावर शाल घालणं म्हणजे "हाही आमचाच" असं सगळ्यांसमोर सांगणं. ना भाषण, ना घोषणा. मी खूप मोर्चे कव्हर केलेत, पण एवढं धारदार आंदोलन क्वचित पाहिलं असेल.

मग त्या चालल्या. डोंगर चढून गटांच्या तळांवर गेल्या, सीमा ओलांडून म्यानमारच्या जंगलापर्यंत गेल्या. मणिपूरच्या नागा बायकांची वेगळी संघटना १९९४ मध्ये उभी राहिली होती, तीही बरोबर असायची. बंदूकवाल्या कमांडरसमोर बसून त्या सांगायच्या, आम्ही तुमच्या आया आहोत, आमचं ऐकून घ्या. आणि कमांडर ऐकायचे. पुखरेलाची जुनी ताकद त्यांनी बरोबर ओळखली होती. आईवर हात उचलता येत नाही, हे त्यांचं चिलखत.

२५ जुलै १९९७ ला पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी एनएससीएनच्या इसाक-मुइवा गटाबरोबर युद्धबंदी जाहीर केली. १ ऑगस्टपासून ती लागू झाली. ती काही एकट्या आयांनी आणली नाही. चर्च, जमातींच्या संघटना, दिल्ली, गटांचे स्वतःचे हिशोब, सगळंच त्यात होतं. पण हवा तयार करण्यात नागा मातांचा वाटा मोठा होता, हे अभ्यासक आवर्जून नोंदवतात. दक्षिण आशियात युद्धबंदीच्या प्रक्रियेत बायकांच्या संघटनेने एवढी थेट भूमिका बजावल्याचं दुसरं उदाहरण शोधून सापडणं कठीण.

मग टेबलावर कोण बसलं?

दिल्लीने वाटाघाटींसाठी मध्यस्थ नेमले. स्वराज कौशल, के. पद्मनाभय्या, आर. एस. पांडे, आर. एन. रवी, ए. के. मिश्रा. नावं वाचा. समोरच्या बाजूला मुइवा आणि त्यांचे सहकारी. ३ ऑगस्ट २०१५ ला दिल्लीत गाजावाजा करून चौकटीचा करार झाला. त्यावर सह्या केल्या मुइवा आणि रवी यांनी. ना या बाजूला बाई, ना त्या बाजूला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांततेच्या चर्चेत स्त्रियांना सहभागी करून घ्या असा ठराव, क्रमांक १३२५, ऑक्टोबर २००० मध्येच केला होता. ठराव न्यूयॉर्कमध्ये राहिला.

त्याच वर्षी, २०१५ मध्ये, खापलांग गटाने युद्धबंदी मोडली तेव्हा समजूत घालायला म्यानमारकडे पुन्हा कोण गेलं? नागा माता. पंधरा-वीस वर्षांत काम तेच राहिलं आणि जागाही तीच. दाराबाहेर.

राजकारणाचं चित्र तर आणखी बोलकं आहे. १९७७ मध्ये रानो शाइझा लोकसभेवर निवडून आल्या, त्या फिझोंच्या नात्यातल्या. त्यानंतर शुकशुकाट. राज्य झालं १९६३ ला, विधानसभेत पहिली बाई पोचली २०२३ ला. साठ आमदारांच्या सभागृहात साठ वर्षं एकही निवडून आलेली आमदार नव्हती. २०२३ ला दोघी आल्या, हेकानी जखालू आणि सालहौतुओनुओ क्रुसे. क्रुसेताई अवघ्या सात मतांनी जिंकल्या आणि राज्याच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या.

आईने संविधान हातात घेतलं

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने देशभरातल्या नगरपालिकांत बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. आपल्याकडे त्याच्या आधीपासून तीस टक्के होत्या, २०११ पासून पन्नास टक्के झाल्या. नागालँडने नगरपालिकांचा कायदा केला २००१ मध्ये, त्यात बायकांचं आरक्षण घातलं २००६ मध्ये. आणि मग निवडणूकच घेतली नाही. २००४ ला आरक्षणाशिवाय एकदा झाली होती, तेवढीच. दर वेळी तारीख यायची, जमातींच्या पुरुषांच्या संघटना विरोध करायच्या, सरकार मागे हटायचं.

२०११ मध्ये नागा मदर्स असोसिएशनच्या अबेऊ मेरू आणि रोझमेरी झुविचू यांनी गुवाहाटी हायकोर्टाच्या कोहिमा खंडपीठात याचिका टाकली. पहिला निकाल त्यांच्या बाजूने, मग स्थगिती, मग उलट निकाल. २०१२ मध्ये विधानसभेने ठराव केला की हे आरक्षण आम्हाला लागूच नाही. बाया सुप्रीम कोर्टात गेल्या. २०१६ मध्ये कोर्टाचा आदेश त्यांच्या बाजूने आला, विधानसभेने आपला ठराव मागे घेतला, १ फेब्रुवारी २०१७ ही मतदानाची तारीख ठरली. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. ते सगळे बायकांचे दुश्मन होते असं म्हणणं पत्रकाराला शोभणार नाही. संविधानाच्या ३७१ अ कलमाने नागा समाजाच्या रूढी, परंपरा, जमीन यांना संरक्षण दिलंय. संसदेचा कायदा या बाबतीत विधानसभेच्या मंजुरीशिवाय तिथे लागू होत नाही. हे कलम त्यांना फुकट मिळालेलं नाही, त्यामागे रक्त आहे. आज आरक्षण आलं, उद्या त्याच वाटेने दिल्ली जमिनीत हात घालेल, ही भीती. नगरपालिकेच्या कायद्यात जमीन-घरांवर कर होता, त्याने ती भीती वाढली. बायकांनी खुशाल लढावं, राखीव जागा नकोत, असंही बरेच जण म्हणत होते.

पण मुद्दा असा. नगरपालिका ही कुठली हो नागा परंपरा? पूर्वजांच्या काळात कोहिमात नगराध्यक्ष होता का? गटार, कचरा, दिवाबत्ती यांचा कारभार करणारी आधुनिक संस्था आणली, पक्ष आणले, तिकिटं आणली, मतदानयंत्रं आणली, हे सगळं परंपरेत बसलं. फक्त बाईची खुर्ची तेवढी बसली नाही. आणि "खुशाल लढा" म्हणणाऱ्यांच्या राज्यात साठ वर्षांत किती जणी निवडून आल्या, ते वर लिहिलंच आहे.

मला यात सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. १९९५ ला नागा माता म्हणाल्या, "आमच्या पोरांना मारू नका," तेव्हा त्या पूज्य होत्या. २०११ ला त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातून आम्हालाही निवडून यायचंय," तेव्हा त्या समाज फोडणाऱ्या ठरल्या, दिल्लीच्या हस्तक ठरल्या. अर्ज भरलेल्या बायकांवर अर्ज मागे घ्यायला दबाव आला, काहींना बहिष्काराच्या धमक्या आल्या. आयुष्यभर जे चिलखत वापरलं ते एका रात्रीत निकामी झालं, कारण या वेळी त्या पोरांसाठी काही मागत नव्हत्या. स्वतःसाठी मागत होत्या.

मणिपूरकडे बघितलं की हेच दिसतं

शेजारच्या मणिपूरमध्ये मैतेई बायकांची मैरा पाइबी चळवळ आहे. मैरा म्हणजे मशाल. सत्तरच्या दशकात दारुड्यांना वठणीवर आणायला रात्री गस्त घालणाऱ्या बायका १९८० पासून फौजेच्या झडतीपुढे मशाली घेऊन उभ्या राहायला लागल्या. जुलै २००४ मध्ये थांगजम मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सने रात्री घरातून उचललं, दुसऱ्या दिवशी प्रेत सापडलं. १५ जुलैला बारा प्रौढ बायकांनी इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात, आसाम रायफल्सच्या तळासमोर, विवस्त्र होऊन निदर्शनं केली. देश हादरला. इंफाळ शहरातून अफस्पा उठला, नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने कांगला सोडला.

त्याच मणिपूरच्या इरोम शर्मिला. अफस्पाविरुद्ध सोळा वर्षं उपोषण. लोकांनी त्यांना देवीच केलं होतं. उपोषण सोडून २०१७ मध्ये त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. मतं पडली नव्वद.

उपाशी बाई देवी, मत मागणारी बाई नव्वद मतांची धनी. कोहिमा आणि थौबल यांत फार अंतर नाही.

आणि एक कडू गोष्टही लिहायला हवी. मे २०२३ मध्ये मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसा भडकली, तेव्हा दोन्हीकडच्या बायका आपापल्या समाजाच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या. दुसऱ्या समाजाच्या लेकीबाळींवर अत्याचार होताना आईपणाची ती ताकद समाजाची वेस ओलांडू शकली नाही. बाई असली की शांतता आपोआप येते, हे खोटं आहे. पुखरेला युद्ध थांबवायची ते ती बाई होती म्हणून नाही. तिची माणसं दोन्ही बाजूंना होती म्हणून. बेवारस प्रेतावर शाल घालणाऱ्या नागा मातांनी ही गोष्ट ओळखली होती. ते जन्माने येत नाही, ठरवून करावं लागतं.

शेवट अजून झालेला नाही

२०२३ च्या मार्चमध्ये नागालँड विधानसभेने वैतागून नगरपालिकांचा कायदाच रद्द केला. सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द करायला स्थगिती दिली, सरकारांना फैलावर घेतलं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा कायदा आला. त्यातून जमीन-घरावरचा कर काढला, नगराध्यक्षपदांचं महिला आरक्षणही काढलं, पण सदस्यांच्या एक तृतीयांश जागा राहिल्या. २६ जून २०२४ ला, वीस वर्षांनंतर, नागालँडच्या शहरांत मतदान झालं. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत वेगळ्या मागणीवरून मतदानच झालं नाही. बाकी ठिकाणी पहिल्यांदा बायका राखीव जागांवरून निवडून आल्या. नगरपालिका जळाली नाही. आभाळ कोसळलं नाही. परंपराही जागच्या जागी आहे.

याचिका ते मतदान, तेरा वर्षं. युद्धबंदीसाठी हवा तयार करायला यापेक्षा कमी वेळ लागला होता. बंदूकवाल्यांना समजावणं सोपं गेलं, खुर्चीवाल्यांना समजावणं अवघड.

आता आपल्या गावाकडे येते.

गणपती, ईद, मोहरम जवळ आले की आपल्या पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. अठरा वर्षं मी या बैठकांच्या बातम्या देते आहे. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, व्यापारी, सगळ्या पक्षांचे पुढारी आणि आम्ही पत्रकार. सत्तर-ऐंशी माणसांत बायका मोजून तीन-चार, त्याही कडेच्या खुर्च्यांवर. "ताई, तुम्हीही दोन शब्द बोला" हे चहा येता येता. आमच्या नगरपालिकेत निम्म्या नगरसेविका आहेत. त्यांतल्या काहींच्या जागी बैठकीला पतिराज येतात आणि रजिस्टरवर सही पण तेच करतात. म्हणजे खुर्ची मिळाली की काम झालं, असंही नाही.

आणि गावात खरोखर काही बिनसतं तेव्हा? शाळेतून पोरांना कोण आणतं, शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या बाईला फोन करून "तुमच्याकडे ठीक आहे ना" हे कोण विचारतं, पोरगा रागाने बाहेर निघाला की दारात आडवं कोण उभं राहतं? पुखरेला आपल्याही गल्लीत आहे. तिला आपण यादीत घेत नाही, एवढंच.

पुढची बैठक होईल तेव्हा एक करा. समितीच्या सदस्यांची यादी मागा. ती गुप्त नसते. त्यात दोन्ही मोहल्ल्यांतल्या किती बायका आहेत ते मोजा आणि किती जणी बोलल्या तेही बघा. मी माझ्या बातमीत यापुढे हे दोन आकडे देणार आहे, "बैठकीस मान्यवर उपस्थित होते" या ओळीच्या जागी.

तुमच्या गावचे आकडे माहीत असतील तर खाली कमेंटमध्ये लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा. फक्त शिवीगाळ नको, घरच्या बायकाही वाचतात.